उजेडाआधीची तयारी

बी भिजले की पुढे काय होते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. बी पाणी शोषून फुगते, टरफल फाटते, आदिमूळ खाली उतरते, अंकुर वर येतो. वर आलेल्या अंकुराला ऊन मिळते, पाने हिरवी होतात आणि रोप स्वतःचे अन्न स्वतः तयार करू लागते. या सांगण्यात चूक काही नाही, पण मधला एक मोठा भाग गळून गेलेला आहे. मातीखाली, मिट्ट काळोखात, उजेडाचा एक किरणही पोचलेला नसताना बी उजेड ओळखणारे रंगद्रव्य घडवत असते. ज्या उजेडाशी त्याची अजून गाठ पडलेली नाही, त्याच्यासाठीची सामग्री ते आधीच जमवून ठेवते. हे पुस्तक त्या सामग्रीविषयी आहे. ती कशापासून बनते, केव्हा बनते आणि तिच्या जोरावर बी काय ठरवते, हे त्यात सांगितले आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट करायला हवा. वनस्पतीत प्रकाश शोषणारी द्रव्ये दोन प्रकारची कामे करतात. हरितद्रव्य प्रकाशातील ऊर्जा घेते आणि तिच्यावर साखर तयार होते. त्याचे प्रमाण इतके असते की सारी सृष्टी त्याच्या रंगाची दिसते. दुसऱ्या प्रकारच्या द्रव्यांना ऊर्जेशी देणेघेणे नसते, त्यांना बातमी हवी असते. उजेड आहे की नाही, असला तर कोणत्या रंगाचा, वर दुसऱ्या झाडाची सावली आहे का, ही ती बातमी. निळा प्रकाश ओळखणारी क्रिप्टोक्रोम व फोटोट्रोपिन ही प्रथिने या दुसऱ्या गटातली. बियांच्या बाबतीत मात्र मुख्य काम फायटोक्रोमचे आहे, आणि या पुस्तकातही त्याचाच वावर सर्वांत जास्त आहे. त्याचे प्रमाण इतके थोडे असते की हिरव्या पानात ते नजरेला कधीच दिसत नाही. म्हणूनच त्याचा शोध लागायला विसावे शतक अर्धे उलटावे लागले.

त्या शोधाची हकिकत मी इथे जरा सविस्तर सांगतो, कारण विचाराच्या बळावर आधी ओळखलेले आणि नंतर डोळ्यांनी पाहिलेले असे हे रंगद्रव्य आहे. काही बियांना रुजायला उजेड लागतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. १९३०च्या दशकात फ्लिंट आणि मॅकअलिस्टर यांनी वॉशिंग्टनमध्ये लेट्युसच्या, म्हणजे आपण सॅलडमध्ये खातो त्या पाल्याच्या, बियांवर वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश टाकून पाहिला. लाल प्रकाशात बिया उत्तम रुजल्या. पण लाल रंगाच्या अगदी टोकाला, अवरक्ताच्या अलीकडे, आपल्या डोळ्यांना जेमतेम जाणवणारा जो पट्टा आहे, त्या प्रकाशात त्या काळोखापेक्षाही कमी रुजल्या. या पट्ट्याला पुढे सर्वत्र मी ‘दूर-लाल’ म्हणेन. निरीक्षण महत्त्वाचे होते, पण त्याचा अर्थ लागायला आणखी पंधरा वर्षे गेली.

तो लावला मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिल येथील अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधन केंद्राने. याच खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० साली दाखवून दिले होते की फुले केव्हा यायची हे दिवसाच्या लांबीवर ठरते. तो धागा हॅरी बॉर्थविक हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि स्टर्लिंग हेंड्रिक्स हे रसायनशास्त्रज्ञ पुढे नेत होते. हेंड्रिक्स हा विलक्षण माणूस. तरुणपणी लायनस पॉलिंग यांच्यासोबत स्फटिकांची रचना उलगडलेला, मातीतल्या खनिजांवर मूलगामी काम केलेला, आणि १९४२ साली उत्तर अमेरिकेतले सर्वांत उंच शिखर देनाली सर केलेल्या तुकडीतला गिर्यारोहक. या दोघांनी मॅरियन पार्कर यांच्यासह एक मोठे यंत्र उभारले. कार्बन आर्कच्या झगझगीत दिव्याचा प्रकाश त्यात लोलकांतून जाऊन इतका रुंद पसरे की वर्णपटाच्या प्रत्येक पट्ट्यात वेगवेगळी रोपे किंवा बिया मांडून ठेवता येत. बियांची बाजू सांभाळायला एबन आणि व्हिव्हियन टूल हे बीजतज्ज्ञ दांपत्य होते.

१९५२ साली या मंडळींनी ‘ग्रँड रॅपिड्स’ जातीच्या लेट्युसच्या भिजलेल्या बियांना आधी लाल प्रकाश दिला, लगेच दूर-लाल, पुन्हा लाल, पुन्हा दूर-लाल, असे कितीतरी वेळा आलटून पालटून. मग बिया काळोखात ठेवल्या. मालिका लाल प्रकाशाने संपली असेल तर बहुसंख्य बिया रुजत. दूर-लालने संपली असेल तर जेमतेम मूठभर. आधी कितीदा काय दिले याला काहीच महत्त्व नव्हते, शेवटचा प्रकाश कोणता एवढेच बी लक्षात ठेवत होते. वेगवेगळी दोन रंगद्रव्ये एकमेकांविरुद्ध काम करत असतील, असे कोणाला वाटले असते. हेंड्रिक्स आणि बॉर्थविक यांनी त्याहून साधा आणि धीट निष्कर्ष काढला. रंगद्रव्य एकच आहे, त्याची रूपे दोन आहेत. सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश शोषला की पहिल्याचे दुसरे होते, ७३० नॅनोमीटरचा दूर-लाल शोषला की दुसऱ्याचे पुन्हा पहिले. रुजण्याचा हुकूम दुसऱ्या रूपाकडून येतो. लाल शोषणारे द्रव्य निळसर दिसणार, तेव्हा त्याचा रंगही त्यांनी सांगून टाकला. कोणी ते पाहिले नव्हते, कुपीत तर धरलेच नव्हते. हे द्रव्य केवळ या लोकांच्या कल्पनेत आहे, अशी टीकाही झाली.

१९५९ साली वॉरन बटलर, कार्ल नॉरिस, सीगलमन आणि हेंड्रिक्स यांनी ते दाखवले. नॉरिस यांनी घडवलेले प्रकाशमापक यंत्र गढूळ, जाड पदार्थातूनही शोषणातला बारीक फरक टिपू शके. पण त्याच्यासमोर ठेवायचे काय? हिरवे पान ठेवून उपयोग नव्हता, कारण हरितद्रव्यही लाल प्रकाशच शोषते आणि त्याच्या गर्दीत दुसरे काही दिसत नाही. त्यांनी काळोखात उगवलेले मक्याचे कोंब घेतले. लाल प्रकाश दिल्यावर कोंबांचे शोषण एका दिशेने सरकले, दूर-लाल दिल्यावर मागे आले. त्याच कोंबांपासून काढलेल्या अर्कातही तेच दिसले. या द्रव्याला बटलर यांनी फायटोक्रोम हे नाव दिले. शुद्ध केल्यावर ते खरोखर निळसर निघाले.

या हकिकतीत एक गोष्ट सहज नजरेआड होते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची आहे. काळोखात वाढलेला मका निवडला तो हरितद्रव्याची अडचण टळावी म्हणून. पण त्या कोंबांत फायटोक्रोम मुबलक मिळाले, कारण त्याचा साठा काळोखातच वाढतो. पुढे भोपळ्याच्या काळोखातल्या रोपांना जड पाणी देऊन १९७३ साली हे तपासले गेले. त्या पाण्यातला जड हायड्रोजन नव्याने घडणाऱ्या प्रथिनात शिरतो आणि त्याचे वजन किंचित वाढवतो. फायटोक्रोमचे वजन वाढलेले आढळले. म्हणजे हे द्रव्य बीत झाकून ठेवलेले होते आणि फक्त उघडे पडले असे नव्हते, ते काळोखात नव्याने घडत होते.

कसे घडते? फायटोक्रोमचे दोन भाग असतात. एक भले मोठे प्रथिन, अकराशेहून अधिक अमिनो आम्लांची साखळी. दुसरा एक लहानसा रंगीत रेणू, जो प्रत्यक्ष प्रकाश शोषतो. प्रथिन पेशीद्रवात बनते, रंगीत रेणू लवकात, म्हणजे पुढे ज्याची हरितकणिका होणार त्या कोशिकांगात. सुरुवात ग्लुटामिक आम्लापासून होते, जे कोणत्याही बीत असतेच. त्यापासून अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल बनते. त्याचे आठ रेणू जोडले गेले की चार लहान कड्यांचे एक मोठे कडे तयार होते. इथे वाट दुभंगते. कड्याच्या मध्यभागी मॅग्नेशियम बसले तर ते हरितद्रव्याच्या वाटेने जाते. लोह बसले तर त्याचे हीम होते, तेच हीम जे आपल्या रक्ताला लाल रंग देते. मग एक एन्झाइम हीमचे कडे एका जागी तोडते, लोह बाहेर पडते आणि बिलिव्हर्डिन नावाचा हिरवा रेणू उरतो. मुका मार लागल्यावर काही दिवसांनी कातडीवर जी हिरवट झाक येते, ती याच रेणूची, आणि आपल्या शरीरातही ती याच जातीच्या एन्झाइमने होते. वनस्पती बिलिव्हर्डिनवर आणखी एक पायरी चढवते आणि फायटोक्रोमोबिलिन तयार होते. ते लवकातून बाहेर येते, प्रथिनातल्या ठरलेल्या खोबणीत बसते आणि पक्के चिकटते. हे चिकटवायला दुसऱ्या एन्झाइमची गरज पडत नाही, प्रथिन स्वतःच ते काम करते. १९८९ साली हे परीक्षानळीत करून दाखवले गेले. या साऱ्या साखळीत प्रकाशाची गरज कोठेही लागत नाही.

ही साखळी कोठे तुटली तर काय होते, हे नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन येथे मार्टेन कोर्नीफ यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या कामातून कळले. अ‍ॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या इवल्या झाडाची काही रोपे भर उजेडातही काळोखात असल्यासारखी लांबच लांब वाढत होती. वीस वर्षांनी जनुके सापडली तेव्हा दिसले की त्यांतल्या एकात हीम तोडणारे एन्झाइम बिघडले आहे, दुसऱ्यात शेवटची पायरी चढवणारे. प्रथिन बनत होते, पण त्यात रंग नव्हता. उजेड पडत होता आणि रोपाला तो समजत नव्हता.

आता बीकडे वळू. फायटोक्रोमचे प्रथिन एकच नसते. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये पाच आहेत, इंग्रजी अक्षरांवरून ए ते ई. बियांच्या गोष्टीत ए आणि बी ही दोन मुख्य, आणि त्यांचा स्वभाव अगदी निराळा. बी-प्रकारचे रंगद्रव्य कोरड्या बियाणात आधीपासून असते. आईच्या झाडावर बी पक्व होत असतानाच ते घडलेले असते. भोवतालचे फळ किंवा शेंग शेवटपर्यंत हिरवी राहिली, तर हरितद्रव्य लाल प्रकाश गाळून घेते, आतवर दूर-लालच पोचतो आणि रंगद्रव्य निष्क्रिय रूपात वाळते. अशा बियांना नंतर रुजायला उजेड लागतो. आच्छादन लवकर पिवळे पडले तर बऱ्याच बिया सक्रिय रूप सोबत घेऊन वाळतात आणि काळोखातही रुजतात. इंग्लंडमधल्या क्रेसवेल आणि ग्राइम यांनी १९८१ साली अनेक रानटी जातींमध्ये हा संबंध दाखवला. म्हणजे बी जमिनीत पडण्याआधीच, आईच्या अंगावर असताना, त्याची एक बाजू ठरून गेलेली असते.

वाळलेल्या बीत हे रंगद्रव्य गप्प असते, कारण एका रूपातून दुसऱ्यात जायला रेणूला हालचाल करावी लागते आणि त्यासाठी पाणी हवे. बी भिजले की जुने रंगद्रव्य पहिल्या काही तासांत जागे होते. त्यानंतर दुसरी गोष्ट सुरू होते. बी काळोखात भिजत राहिले तर ए-प्रकारचे प्रथिन नव्याने तयार होऊन साठू लागते. १९९६ साली जपानमध्ये शिनोमुरा आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅराबिडॉप्सिसच्या बियांवर या दोहोंची संवेदनक्षमता मोजली. दोन दिवस काळोखात भिजलेले बी ए-प्रकाराच्या जोरावर जेवढ्या प्रकाशाला प्रतिसाद देते, तो बी-प्रकाराला लागणाऱ्या प्रकाशाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतका असतो. शिवाय त्यात मागे फिरणे नाही. एकदा तो क्षीण प्रकाश लागला की दूर-लाल देऊनही हुकूम रद्द होत नाही. काळोखात घालवलेला प्रत्येक तास बीला उजेडाच्या बाबतीत अधिक हळवे करतो, हा या पुस्तकाचा गाभा आहे.

याचा शेताशी संबंध आहे, आणि तो थेट आहे. मातीत प्रकाश फार तर काही मिलिमीटर उतरतो. त्याखाली तणांच्या असंख्य बिया ओल मिळूनही वर्षानुवर्षे पडून असतात. अर्जेंटिनात स्कोपेल, बालारे आणि सांचेझ यांनी धोतऱ्याच्या एका जातीच्या बिया काही महिने पुरून ठेवल्या. बाहेर काढल्यावर त्या इतक्या हळव्या झालेल्या आढळल्या की उन्हाचा मिलिसेकंदाहूनही कमी काळ पडलेला झोत त्यांना रुजवायला पुरेसा होता. कुळवणीत ढेकूळ उलटते तेव्हा बी क्षणभर वर येते आणि पुन्हा गाडले जाते, तेवढ्यात त्याचे काम झालेले असते. कुळवल्यावर आठवड्याभरात रान तणाने का भरते, याचे हे एक कारण. जर्मनीत हार्टमान आणि नेट्साडल यांनी १९९०मध्ये यावरून रात्री नांगरट करून पाहिली आणि तण लक्षणीय घटल्याचे नोंदवले. इतर ठिकाणच्या प्रयोगांत फायदा कमी-अधिक दिसला, कारण सगळ्या तणांच्या बिया उजेडावर अवलंबून नसतात आणि पृष्ठभागावर पडलेल्या बियांना सकाळी ऊन मिळतेच. शेतकऱ्याला हा उपाय सांगताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे.

उलट बाजूही आपल्या परिचयाची आहे. निपाणी भागात तंबाखूची रोपे करताना गादीवाफ्यावर बी रेतीत किंवा राखेत मिसळून वरच्यावर फेकतात, खोल पुरत नाहीत. तंबाखूचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक मावते. त्यातली शिदोरी अंकुराला काही मिलिमीटरच वर आणू शकते, म्हणून उजेड लागल्याशिवाय त्याने रुजणेच धोक्याचे. ज्वारी, गहू, हरभरा यांना अशी अट नाही. दाणा मोठा, शिदोरी भरपूर, आणि हजारो वर्षे माणसाने पेरून, निवडून घेतलेले बियाणे वाफशावर विनातक्रार उगवणारेच राहिले.

रुजले तरी काम संपत नाही. अंकुर जमिनीबाहेर येईपर्यंत काळोखातच असतो, आणि तेव्हा त्याचा रंग पिवळा असतो. नवरात्रात देवघरातल्या मंद प्रकाशात परडीतल्या मातीवर उगवलेले घटाचे धान आठवा. लांब, सरळ, फिकट पिवळे, दसऱ्याला टोपीत खोचले जाते तेच. सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्याच्या वाटेवरची शेवटाजवळची एक पायरी प्रकाशाशिवाय चढता येत नाही. तिथपर्यंत पोचलेला रेणू, प्रोटोक्लोरोफिलाइड, एका एन्झाइमला चिकटून उजेडाची वाट पाहत थांबतो. पहिला प्रकाश पडला की क्षणार्धात पुढची पायरी पार होते आणि काही तासांत हिरवेपणा दिसू लागतो. पण हा साठा गरजेहून जास्त झाला तर तोच रेणू प्रकाशात विषारी प्राणवायू निर्माण करतो आणि कोवळे रोप करपते. त्यामुळे काळोखात तो किती बनवायचा, यावर कडक नियंत्रण लागते.

इथे मघाच्या दुभंगलेल्या वाटेचा अर्थ लागतो. कडे एकच, कच्चा माल एकच. लोहाच्या वाटेने उजेड ओळखणारे द्रव्य बनते आणि ते काळोखातच पूर्ण होते. मॅग्नेशियमच्या वाटेने उजेड वापरणारे द्रव्य बनते आणि ते अर्ध्यावर अडते. पहिले तयार झाल्यावरच दुसऱ्याला पुढे जाण्याची मुभा देता येते. बी रुजू न देणारे पीआयएफ-१ हे प्रथिनच काळोखात प्रोटोक्लोरोफिलाइडचे उत्पादनही आवरते, आणि सक्रिय फायटोक्रोम केंद्रकात जाऊन त्याचाच नाश घडवते. तो झाला की बीत जिबरेलिन या संप्रेरकाचे उत्पादन वाढते आणि आदिमूळ बाहेर पडते. उजेडात आल्यावर ए-प्रकारचे फायटोक्रोम स्वतःही झपाट्याने नष्ट होते. ते काळोखासाठीच होते, आता बी-प्रकार कारभार पाहतो.

पुढील प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत. आधी कोरडे बी, मग भिजणे, मग रेणूची घडण, मग रुजणे, आणि अखेरीस हिरवे होणे. रसायनाचे प्रकरण सर्वांत लांब झाले आहे आणि ते छोटे करायचा मी प्रयत्न केलेला नाही, कारण बाकी सगळे त्यावर उभे आहे. ज्यांना ते जड वाटेल त्यांनी तणांच्या प्रकरणापासून सुरुवात करून मागे यावे.

परिशिष्टात लेट्युसचा मूळ प्रयोग घरी करण्याची रीत दिली आहे. त्यासाठी ६६० आणि ७३० नॅनोमीटरचे लहान एलईडी दिवे लागतात, ते सहज मिळतात. अडचण बियाण्याची येते. बाजारातल्या बऱ्याच जाती आता काळोखातही रुजाव्यात अशा निवडलेल्या असतात आणि त्यांवर प्रयोग फसतो. शक्य असेल तर ग्रँड रॅपिड्स हीच जात मिळवावी, बिया काळोखात भिजवाव्यात आणि खोली थोडी उबदार ठेवावी. थंडीत ही जात काळोखातही बऱ्यापैकी रुजते आणि मग लाल-दूर-लालचा फरक पुसट होतो.